पांढऱ्या अस्वलांचा प्रदेश आणि नाबोथाचा मळा
(वार्षिक उपकारस्तुती मेळाव्यात केलेले भाषण)



कॅनडात मुलीकडे गेलो असता मी व माझी पत्नी तिथल्या उत्तर भागात जाऊन आलो, हे कळल्यावर अध्यक्षांनी मला आज बोलायला सांगितले. "अस्वलांच्या गोष्टी सांगा, पण आपल्या कामाला उपयोगी पडेल असे काही सांगा," अशी त्यांची अट आहे. ती मी पाळणार आहे. आधी प्राण्यांविषयी सांगतो, मग तिथल्या इतिहासाविषयी आणि शेवटी त्या इतिहासाने आपल्यासमोर ठेवलेल्या प्रश्नाविषयी.

चर्चिल हे गाव मॅनिटोबा प्रांतात हडसन उपसागराच्या काठी आहे. वस्ती हजाराच्या आतली. तिथे जायला रस्ता नाही. विमान किंवा आगगाडी, एवढेच दोन मार्ग. विनिपेगहून आगगाडीने सुमारे १,७०० किलोमीटर अंतर आहे आणि दोन रात्री गाडीत काढाव्या लागतात. शेवटच्या टप्प्यात गाडी अगदी हळू चालते, कारण तिथली जमीन खोलवर कायमची गोठलेली असते आणि वरचा थर उन्हाळ्यात मऊ पडून रूळ हलतात. आधी गव्हाची शेते, मग सूचिपर्णी झाडांचे घनदाट अरण्य, मग हळूहळू ठेंगणी होत गेलेली झाडे आणि अखेरीस शेवाळ, खडक, पाणी. झाडांच्या फांद्या एकाच बाजूला वाढलेल्या दिसतात. वायव्येच्या वाऱ्याने दुसरी बाजू झडून गेलेली असते.

या गावाला लोक येतात ते मुख्यतः ध्रुवीय अस्वलांसाठी. हे प्राणी समुद्रावरच्या बर्फावर राहून सील मारून खातात. जुलैच्या सुमारास उपसागराचे बर्फ वितळले की त्यांना किनाऱ्यावर यावे लागते आणि नोव्हेंबरात पाणी पुन्हा गोठेपर्यंत ते जवळजवळ उपाशीच राहतात. गाभण मादीचा उपवास तर आठ महिन्यांपर्यंत लांबतो. ती जमिनीतल्या बिळातच पिल्ले देते आणि अंगावरच्या चरबीच्या जोरावर त्यांना पाजते. चर्चिल नदीचे गोडे पाणी उपसागरात मिसळते, गोडे पाणी लवकर गोठते, म्हणून बर्फाची वाट पाहणारी अस्वले ऑक्टोबर-नोव्हेंबरात याच किनाऱ्यावर जमतात. गावाच्या आग्नेयेला १९९६ साली वापुस्क राष्ट्रीय उद्यान झाले. वापुस्क म्हणजे क्री भाषेत पांढरे अस्वल.

मोठमोठ्या चाकांच्या उंच गाडीतून आम्हाला नेले. तीन-चारशे किलोचा नर विलोच्या झुडपांमागून उठतो, नाक वर करून वास घेतो आणि संथपणे चालू लागतो. गाडीत कोणी बोलत नव्हते. ईयोबाच्या पुस्तकाच्या अखेरीच्या अध्यायांत परमेश्वर ईयोबाला रानातल्या प्राण्यांविषयी प्रश्नामागून प्रश्न विचारतो. मनुष्याच्या कामी न येणाऱ्या, मनुष्याला न जुमानणाऱ्या प्राण्यांचीही देव काळजी घेतो, हे त्या अध्यायांत आहे. ते मी अनेकदा वाचले होते. त्या दिवशी ते मला डोळ्यांनी दिसले.

गावकरी अस्वलांबरोबर कसे राहतात तेही पाहण्यासारखे आहे. पुष्कळ लोक घरांना आणि मोटारींना कुलूप लावत नाहीत. अस्वल समोर आले तर कोणालाही आत शिरता यावे म्हणून. ३१ ऑक्टोबरच्या रात्री मुले खाऊ मागत घरोघर फिरतात तेव्हा त्यांच्या रक्षणासाठी गावाच्या कडेने गस्त असते. वारंवार गावात येणाऱ्या अस्वलाला पकडून एका मोठ्या शेडमध्ये काही दिवस ठेवतात. त्याला पाणी देतात, अन्न देत नाहीत, नाहीतर त्याला गावाची चटक लागेल. नंतर त्याला हेलिकॉप्टरने दूर नेऊन सोडतात. पूर्वी असे अस्वल सरळ गोळी घालून मारत.

उन्हाळ्यात गेलात तर दुसरेच दृश्य. जुलै-ऑगस्टमध्ये नदीच्या मुखाशी हजारो पांढरे बेलुगा देवमासे येतात. त्यांच्या शिट्ट्यांसारख्या आवाजामुळे जुने खलाशी त्यांना समुद्रातले कॅनरी पक्षी म्हणत.

पण चिंतेची गोष्टही सांगितली पाहिजे. पश्चिम हडसन उपसागरातल्या अस्वलांची संख्या १९८७ च्या सुमारास १,२०० च्या आसपास होती. २०१६ च्या पाहणीत ती ८४२ भरली आणि २०२१ च्या पाहणीत ६१८. बर्फ आता लवकर वितळते व उशिरा धरते, त्यामुळे उपवासाचे दिवस वाढले आहेत. धूर आपण सगळे काढतो आणि उपास अस्वलाला घडतो.

किल्ला, एक तरुणी आणि एक लिपी

आता इतिहासाकडे वळतो. नदीच्या पलीकडच्या तीरावर प्रिन्स ऑफ वेल्स किल्ला आहे. हडसन्स बे कंपनीने १७३१ पासून सुमारे चाळीस वर्षे खपून तो दगडात बांधला. १७८२ साली फ्रेंच जहाजे आली आणि मूठभर माणसांनी एकही गोळी न झाडता तो देऊन टाकला. आपल्याकडच्या किल्ल्यांच्या मानाने तो बुटका वाटतो. जवळच्या खडकावर सॅम्युअल हर्न याने १७६७ साली कोरलेले आपले नाव अजून वाचता येते. हर्न इथून पायी निघून उत्तर महासागरापर्यंत गेला आणि परत आला. त्याच्या पहिल्या दोन मोहिमा फसल्या. तिसरी सिद्धीस गेली ती मातोनाबी या डेने पुढाऱ्यामुळे. वाट, शिकार, वेळापत्रक सगळे मातोनाबीचे होते.

त्याच्याही आधीची एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. थानाडेलथुर नावाची डेने तरुणी १७१३ साली क्री लोकांच्या हाती सापडून गुलाम झाली. पुढच्या वर्षी ती निसटली आणि मोठ्या हालअपेष्टा सोसून कंपनीच्या यॉर्क फॅक्टरी या ठाण्यावर पोहोचली. क्री आणि डेने यांचे तेव्हा हाडवैर होते. १७१५ साली दीडशेच्या आसपास क्री लोक आणि कंपनीचा एक माणूस तिच्यासोबत समेटासाठी निघाले. वाटेत उपासमार आणि आजार. बरेच जण माघारी फिरले. उरलेल्यांना तिने सांगितले, तुम्ही इथेच थांबा, दहा दिवसांत मी माझ्या लोकांना घेऊन येते. दहाव्या दिवशी ती शंभराहून अधिक डेने लोकांना घेऊन आली. बोलून बोलून तिचा घसा बसला होता, पण समेट झाला. ५ फेब्रुवारी १७१७ रोजी ती वारली. त्याच वर्षी चर्चिल येथे कंपनीचे ठाणे उभे राहिले. समेट करणाऱ्यांविषयी प्रभूने डोंगरावर जे सांगितले, ते कधीही न ऐकलेल्या या मुलीने ते करून दाखवले होते.

मिशनच्या खुणाही इथे आहेत. १८२० साली रेव्हरंड जॉन वेस्ट यॉर्क फॅक्टरीला उतरले. त्यांना पाठबळ होते चर्च मिशनरी सोसायटीचे. नाशिक-शरणपूरच्या मंडळींना हे नाव परके नाही. त्याच संस्थेने पुढे नाशिकला काम सुरू केले. वेस्ट यांनी शाळेसाठी नेलेल्या मुलांपैकी एक क्री मुलगा हेन्री बड या नावाने १८५० साली दीक्षित झाला. उत्तर अमेरिकेतल्या आदिवासींमधला तो पहिला अँग्लिकन पाळक. चर्चिल गावात सेंट पॉल चर्च आहे. १८९२ सालचे. इंग्लंडात तयार केलेले भाग जहाजाने आणून ते उभारले. रोमन कॅथलिक मिशनने १९४४ साली सुरू केलेले छोटे संग्रहालयही आहे. इनुइट कारागिरांनी हाडात, दगडात, वालरसच्या सुळ्यात कोरलेल्या वस्तू तिथे फार निगुतीने जपल्या आहेत.

आणि एक गोष्ट अशी, की ती ऐकून मराठी माणसाचे कान टवकारावेत. १८४० साली नॉर्वे हाउस येथे जेम्स इव्हान्स या मेथडिस्ट मिशनऱ्याने क्री भाषेसाठी लिपी तयार केली. चहाच्या पेट्यांतल्या शिशाच्या पत्र्याचे खिळे ओतून त्याने स्तोत्रे छापली. या लिपीत व्यंजनाला एक आकृती असते आणि ती कोणत्या दिशेला वळवली आहे त्यावरून स्वर कळतो. एकच आकृती चार दिशांना फिरवली की 'पे, पी, पो, पा' तयार. म्हणजे बाराखडीच की! अभ्यासक सांगतात की लघुलिपीबरोबर देवनागरीचाही या रचनेवर प्रभाव होता. आपल्या अक्षरांची एक दूरची चुलत बहीण बर्फात नांदते आहे. ही लिपी काही दिवसांत शिकता येई. लोकांनी ती एकमेकांना शिकवली, भूर्जाच्या सालीवर कोळशाने लिहिली, आणि कित्येक ठिकाणी मिशनरी पोहोचण्याआधी लिपी पोहोचली. १८६२ पर्यंत संपूर्ण पवित्र शास्त्र क्री भाषेत या लिपीत छापून झाले. त्या भाषांतराचे श्रेय पाळक विल्यम मेसन यांच्या नावावर गेले. त्यांच्या पत्नी सोफिया, तसेच हेन्री स्टाइनहावर आणि जॉन सिंक्लेअर यांनी त्यात फार मोठा वाटा उचलला होता. हे तिघेही आदिवासी रक्ताचे. अहवालात नाव कोणाचे येते, हा प्रश्न तेव्हाही होता.

सायिसी डेने

आता ज्यासाठी मी आज उभा आहे ते सांगतो. सायिसी डेने हे कॅरिबूच्या मागे फिरणारे लोक. कॅरिबू म्हणजे रेनडिअरच्या जातीचे रानहरीण. मांस, कातडे, तंबू, दोरा, सगळे त्यांना कॅरिबूपासून मिळे. लिटल डक लेक येथे कंपनीचे व्यापारी ठाणे होते आणि त्याच्या आधाराने ते राहत. १९५० च्या दशकात दोन गोष्टी घडल्या. कंपनीने ठाणे बंद करायचे ठरवले. आणि वन्यजीव खात्याच्या अधिकाऱ्यांचे मत झाले की कॅरिबू झपाट्याने कमी होत आहेत व त्याला ही शिकारी माणसे कारण आहेत. सरोवराकाठी पडलेल्या कॅरिबूंच्या धडांचे छायाचित्र पुरावा म्हणून पुढे आले. हिवाळ्यासाठी मांस राखून ठेवायची त्या लोकांची रीत काय आहे, हे कोणी नीट विचारले नाही. त्या समजुतीला पुरेसा आधार नव्हता, हे पुढे स्पष्ट झाले.

ऑगस्ट १९५६ मध्ये सरकारचे विमान सरोवरावर उतरले. सुमारे अडीचशे लोकांना चर्चिल येथे हलवण्यात आले. होड्या, सापळे, कुत्रे मागे राहिले. चर्चिलला त्यांच्यासाठी घरे तयार नव्हती. आधी समुद्राकाठच्या उघड्या जागी तंबू आणि खोपटी, नंतर दफनभूमीलगतची छावणी, नंतर गावाबाहेरची वस्ती. ज्यांच्या संस्कारात मृतांच्या जागेपासून दूर राहायचे असते, त्यांना दफनभूमीशेजारी बसवले. शिकार गेली, काम नाही, भाषा वेगळी. गावाच्या उकिरड्यावर अन्न शोधायची वेळ आली, आणि तिथे अस्वलेही येत. दारू आली, मारहाण आली, आगी लागल्या, माणसे थंडीने गारठून मेली. दोन दशकांत ११७ जण मृत्युमुखी पडले. अडीचशेतले ११७. ते आकडे मी तिथे ऐकले तेव्हा माझ्या मनात आपल्याकडचे पाडे एकेक करून उभे राहिले. अडीचशे वस्तीचे पाडे आपल्या कार्यक्षेत्रात कितीतरी आहेत.

१९७३ साली त्यांच्यापैकी काहींनी ठरवले की आता बस्स. ते परत रानात गेले आणि टाडूली सरोवराच्या काठी नवे गाव वसवले. तिथे आजही रस्ता जात नाही. सरकारी योजना घेऊन कोणी त्यांना नेले नाही. ते आपल्या पायांनी गेले. ऑगस्ट २०१६ मध्ये, साठ वर्षांनी, केंद्र सरकारच्या मंत्री कॅरोलिन बेनेट यांनी त्यांची जाहीर क्षमा मागितली आणि ३ कोटी ३६ लाख डॉलरची भरपाई जाहीर झाली. चर्चिलजवळच्या त्यांच्या जुन्या वस्तीच्या जागी आज स्मारक आहे. अस्वले पाहायला आलेल्यांपैकी थोडेच तिकडे वळतात.

ही करणी सरकारची होती. पण मंडळीनेही त्या देशात आपला हिशोब दिला आहे. आदिवासी मुलांना आईबापांपासून तोडून वसतिशाळांत ठेवण्याची पद्धत सरकारने चालवली आणि त्यातल्या बहुतेक शाळा चर्चकडे होत्या. सुमारे दीड लाख मुले या शाळांतून गेली. त्यांना त्यांची भाषा बोलायची मनाई असे. ज्या भाषेसाठी इव्हान्सने खिळे ओतले, तीच भाषा बोलल्याबद्दल पुढच्या पिढ्यांच्या मुलांना शिक्षा झाली. युनायटेड चर्चने १९८६ साली, अँग्लिकन चर्चने १९९३ साली क्षमा मागितली. २०२२ मध्ये पोप फ्रान्सिस स्वतः तिथे गेले आणि त्यांनीही क्षमा मागितली. पश्चात्तापाविषयी आपण दर रविवारी बोलतो. संस्थेने पश्चात्ताप करायचा म्हणजे काय, त्याचा हा नमुना आहे.

नाबोथाला विचारले कोणी?

राजांच्या पहिल्या पुस्तकाचा एकविसावा अध्याय आपणा सर्वांना ठाऊक आहे. पण एक बारकावा आपल्या नजरेतून सुटतो. अहाब राजा आरंभी जबरदस्ती करत नाही. तो नाबोथाला म्हणतो की याहून चांगला मळा देतो, नाहीतर रोख किंमत देतो. आजच्या भाषेत बोलायचे तर ते उत्तम पुनर्वसनाचे पॅकेज होते. नाबोथ नाही म्हणतो, कारण ते वाडवडिलांचे वतन आहे. राजाचा कोप होतो तो या नकारामुळे. नाबोथाला नाही म्हणायचा अधिकार आहे, हेच राजाच्या डोक्यात शिरत नाही.

सायिसी डेने लोकांना तेवढेही विचारले गेले नाही. आणि आपल्याकडे? मेळघाटात, ताडोबात वाघांसाठी गावे हलली. नंदुरबारमध्ये धरणासाठी हलली. काही ठिकाणी लोक राजीखुशीने गेले, शाळा-दवाखाना मिळेल म्हणून गेले, हेही मी जाणतो. वाघ राहिला पाहिजे, असे म्हणणाऱ्यांत मीही आहे. पण २००६ चा वनहक्क कायदा सांगतो की अशा जागेतून लोकांना हलवायचे तर ग्रामसभेची मोकळी आणि माहितीपूर्वक संमती हवी. संमती या शब्दात नकाराचा अधिकार असतो. गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावाने तो कायदा वापरून २००९ साली सामूहिक वनहक्क मिळवला आणि आपल्या जंगलातला बांबू स्वतः विकला. तिथे लोकही राहिले आणि जंगलही राहिले.

उत्तरेतही अशीच आशा उगवली आहे, आणि ती सांगितल्याशिवाय मी थांबणार नाही. टाडूलीच्या उत्तरेने सील नदी वाहते. उत्तर मॅनिटोबातली धरण न झालेली ती शेवटची मोठी नदी. तिचे खोरे सुमारे ५०,००० चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या गोव्याच्या तेरापटीहून मोठे. हे सगळे खोरे राखीव व्हावे आणि त्याची राखण आदिवासींनी करावी, यासाठी सायिसी डेने लोकांनी शेजारच्या डेने आणि क्री समाजांना बरोबर घेऊन चळवळ उभी केली आहे. पक्षी मोजणे, पाणी तपासणे, कॅरिबूंवर नजर ठेवणे ही कामे त्यांची तरुण मुले करतात. कॅरिबूंचे मारेकरी म्हणून ज्यांना उचलून नेले, त्यांचीच नातवंडे आज कॅरिबूंची राखणदार आहेत. आणि ज्या क्री लोकांशी त्यांचे एके काळी हाडवैर होते, ते त्यांच्या बाजूला उभे आहेत. थानाडेलथुरचा घसा बसला तो वाया गेला नाही.

आता आपल्यापुरते तीन मुद्दे, आणि मी संपवतो.

पहिला. आपल्या वर्गणीतून पाड्यावर जे काही होते, मग ती विहीर असो, बालवाडी असो की शिवणयंत्रे, त्याचा निर्णय कोठे होतो ते विचारत चला. आमच्या समितीत झाला असेल तर आम्हाला परत पाठवा. पाड्यावरच्या बैठकीत, त्यांच्या बोलीत, बायामाणसांसमक्ष झाला असेल तर दोन्ही हातांनी द्या. त्यांनी "हे नको" म्हटले तर वाईट वाटून घेऊ नका. नाबोथाचे नाही ऐकून घेणे हाही सेवेचाच भाग आहे.

दुसरा. वसतिगृहातल्या मुलांची भाषा. वारली, भिल्ली, कोरकू, पावरी बोलणारी मुले आपल्याकडे आहेत. त्यांना मराठी आणि इंग्रजी उत्तम आलीच पाहिजे. पण रात्रीच्या प्रार्थनेत एक गीत, एक प्रार्थना त्यांच्या बोलीत व्हावी, असा ठराव मी या मेळाव्यापुढे ठेवतो. गृहमातांनी आणि पाळकसाहेबांनी तो मनावर घ्यावा.

तिसरा. तुम्ही प्रवासाला जाल तेव्हा, मग ते ताडोबा असो वा काझीरंगा, प्राणी जरूर पाहा. देवाची करणी आहे, डोळे भरून पाहा. पण वाटाड्याला एवढे विचारा: या जंगलात आधी कोण राहत होते, आणि ते आता कोठे आहेत? उत्तर मिळेल ते ऐका, आणि जमल्यास त्यांच्या घरी जेवा, त्यांच्या हातची वस्तू विकत घ्या.

टाडूली सरोवराच्या काठच्या त्या गावासाठी आणि आपल्या पाड्यांसाठी या आठवड्यात घरोघरच्या प्रार्थनेत आठवण करा, ही विनंती. ज्याने अस्वलाला थंडीचे वस्त्र दिले आणि माणसाला एकमेकांचे ऐकायला कान दिले, तो परमेश्वर आपल्या सर्वांना ते कान वापरण्याची बुद्धी देवो. आमेन.